सीडी-डीव्हीडी प्लेअर किती वर्षं टिकतो आणि खाऱ्या हवेत तो चालू कसा ठेवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं टीव्ही, टेप, प्लेअर दुरुस्त करतोय. रोज मेसेज येतात आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. हल्ली कोणालाही विचारा, "फेकून दे, नवीन मोबाईल घे" असंच सांगतात. पण ज्या घरात लग्नाची व्हीसीडी आहे, गावच्या दशावताराचं शूटिंग आहे, वारलेल्या माणसाचा आवाज भजनाच्या सीडीत आहे, तिथे प्लेअर फेकून कसं चालेल? मला तरी ते पटत नाही.

१. प्लेअर नेमका किती वर्षं टिकतो हो?

सरळ एक आकडा नाही सांगता येणार, कारण प्लेअर एकदम मरत नाही, त्याचा एकेक भाग जातो. लेन्समधला लेझर (डिस्क वाचणारा किरण) काही हजार तास चालतो. हिशोब करा, रोज अडीच तासाचा एक पिक्चर बघितला तर वर्षाला ९०० च्या वर तास होतात, म्हणजे रोज बघणाऱ्याची लेन्स पाच-सात वर्षांत थकू शकते आणि महिन्यातून एकदा लावणाऱ्याची लेन्स तासांच्या हिशोबाने कधी थकणारच नाही. ट्रेचा रबरी बेल्ट त्याआधी जातो, सप्लायचे म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचे कंडेन्सर आठ-दहा वर्षांत सुकायला लागतात, डिस्क फिरवणारी मोटर मधेच कुठेतरी. यातलं जवळपास सगळं बदलता येतं. सोनीचा पहिला सीडी प्लेअर १९८२ ला बाजारात आला आणि त्या मॉडेलचे काही पीस अजून वाजतायत. तेव्हा "दहा वर्षं झाली म्हणजे संपला" असं काही नसतं.

२. आम्ही तर वर्षातून दोनदा लावतो, मग खराब कसा झाला?

न लावल्यामुळेच झाला. हे लोकांना पटत नाही पण कोकणात प्लेअर चालून जेवढे खराब होत नाहीत तेवढे पडून होतात. हवेतलं मीठ बारीक थर होऊन आत बसतं, ते उन्हाळ्यात गप्प असतं, पण हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमटपणा त्याच्या खाली येतो तरी कुठे? मग स्क्रू गंजतात, रिबन केबलच्या (पट्टीसारख्या सपाट वायरीच्या) टोकांवर हिरवट-काळं चढतं, लेन्सवर बुरशी धरते. शिवाय लेन्स ज्या दांड्यावर सरकते तिथलं ग्रीस घट्ट होतं आणि बेल्ट पुलीभोवती एकाच जागी बसून वाकडा होतो.

चालू प्लेअर आतून थोडा गरम राहतो आणि त्या गरमीने सुका राहतो, एवढंच साधं आहे ते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास काहीही लावा. ट्रे दोन-तीनदा उघड-बंद करा. ज्यांनी हे मनावर घेतलं त्यांचे प्लेअर माझ्याकडे परत फार कमी येतात.

३. सीडी घातली की नुसतो फिरता आणि 'नो डिस्क' दाखयता, लेन्स गेली काय?

लगेच लेन्स गेली म्हणू नका. आधी दुसरी डिस्क लावा, तीसुद्धा कंपनीची छापील, घरी कॉपी केलेली नको. छापील डिस्कचा मागचा भाग चांदीसारखा असतो, कॉपी केलेलीचा हिरवट, निळसर किंवा जांभळट असतो. थकलेल्या लेन्सला छापील डिस्क वाचायला सोपी जाते. छापील चालली आणि कॉपी नाही, तर लेन्स मळलीय किंवा थकत चाललीय. दोन्ही नाही चालल्या पण डिस्क फिरतेय, तर नव्वद टक्के आधी साफ करून बघायचं (प्रश्न ४). डिस्क फिरतच नाही, नुसती एक टिचकी मारल्यासारखी हलते, तर मोटर किंवा रिबन केबल बघावी लागते. आणि ट्रे आत जाऊन आतमधून खर्र खर्र आवाज येत असेल तर लगेच बंद करा, लेन्सचं सरकणं अडकलंय, जबरदस्तीने गिअरचे दात जातात.

एक अजून, डिस्क उलटी तर नाही ना घातली. हे मी गंभीरपणे विचारतोय, म्हाताऱ्या माणसांना अंधारात दिसत नाही आणि बिचारे मुलाला फोन करून प्लेअर बिघडला सांगतात.

४. लेन्स घरी साफ करता येते का? कशी?

येते, आणि सगळ्यात जास्त प्लेअर याच एका कामाने परत चालू होतात. प्लग काढा, नुसतं बटण बंद नाही, प्लग. दहा-पंधरा मिनिटं थांबा. वरच्या झाकणाचे मागचे आणि बाजूचे स्क्रू काढून झाकण उचला. एका बाजूला सप्लायचा बोर्ड असतो, मोठा गोल कंडेन्सर दिसेल, त्या भागाला हात लावू नका, २३० व्होल्टचं आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ त्यात राहू शकतं. दुसऱ्या बाजूला डेक असतो, म्हणजे लेन्स आणि मोटर बसवलेला सांगाडा. डेकच्या खाचेत निळसर चमकणारा मसुराच्या डाळीएवढा ठिपका दिसतो, ती लेन्स.

मोबाईल रिपेरिंगवाल्याकडे आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते घ्या. कान साफ करायची कापसाची काडी त्यात टेकवा, झटका, जवळजवळ कोरडी झाली पाहिजे, आणि लेन्सवर अगदी हलक्या हाताने गोल फिरवा. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, दाबली की खाली जाते, तेवढं चालतं पण बाजूला ढकलू नका. मग दुसऱ्या कोरड्या काडीने एकदा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल अजिबात नको, लेन्स बहुतेक प्लास्टिकची असते आणि ती कायमची पांढरी पडते. अत्तर-सेंटही नको. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू करून लेन्समध्ये डोकावून बघू नका, सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही पण आत जातो.

मध्यंतरी एक काकू वेंगुर्ल्याहून एसटीने आल्या, प्लेअर नऊवारीत गुंडाळून मांडीवर घेऊन. दोन ठिकाणी त्यांना "भंगारात द्या" सांगितलं होतं. प्लेअर घरात देवघराच्या खालच्या खणात असायचा. मी लेन्सवर काडी फिरवली तर कापूस चहासारखा तपकिरी झाला, धूप, उदबत्ती आणि निरांजनाचं तेल, वर्षानुवर्षांचं. तीन काड्या लागल्या. मग त्यांनी पिशवीतून व्हीसीडी काढली, गावच्या जत्रेतला दशावतार, त्यात त्यांचे मिस्टर पखवाजाला बसलेले. त्या दुकानात उभ्या राहूनच पूर्ण गणपतीस्तवन होईपर्यंत बघत होत्या, मी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, देवघर, चूल आणि जिथे वडे-मोदक तळले जातात तिथून प्लेअर लांब ठेवा.

५. बाजारात ब्रश लावलेली क्लीनर सीडी मिळते, ती चालेल का?

नुसती सुकी धूळ असेल तर थोडाफार फरक पडतो. आपल्याकडचा मळ चिकट असतो, तेल आणि मिठाचा, तो कोरड्या ब्रशने निघत नाही, पसरतो. आणि डीव्हीडी प्लेअरमध्ये डिस्क जोरात फिरते, ब्रश लेन्सवर आपटतो. मी वापरत नाही. प्रश्न ४ ची पद्धत करा.

६. पावसाळ्यात सकाळी चालत नाही, दुपारी आपोआप चालतो, हे काय?

लेन्सला घाम येतो. रात्रभर पाऊस, सकाळी सगळं थंड, मग खोलीत चूल-गॅस पेटला, माणसं वावरली की दमट गरम हवा थंड लेन्सवर बसते, चष्म्यावर वाफ धरते तसं. दुपारपर्यंत सुकते म्हणून चालतो. एसी खोलीतून बाहेर आणलेल्या प्लेअरलाही असंच होतं. उपाय म्हणजे डिस्क न घालता प्लेअर चालू करून अर्धा-एक तास तसाच ठेवा, स्वतःच्या गरमीने सुकतो. हेअर ड्रायर मारू नका, चुलीजवळ तर मुळीच ठेवू नका, प्लास्टिकचा डेक वाकला की काही करता येत नाही. दुपार झाली तरी चालत नसेल तर घाम नाही, बुरशी किंवा मळ आहे, मग प्रश्न ४. बुरशी कधी कधी लेन्सच्या खाली आतल्या काचेवर धरते, तिथे काडी पोचत नाही, तेव्हा पूर्ण लेन्स बदलावी लागते (प्रश्न १८).

७. आम्ही मुंबईला असतो, गावचं घर गणपती ते शिमगा बंद असतं, प्लेअर कसा ठेवायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चाकरमानी विचारतात, आणि बहुतेकांनी प्लेअर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला असतो. तेच चुकतं. पिशवी बांधली त्या दिवशी जी ओल आत होती ती आतच कोंडते आणि बुरशीला तेच पाहिजे असतं. जुन्या सुती चादरीत किंवा धोतरात गुंडाळा, म्हणजे धूळ अडते आणि हवा खेळते. प्लास्टिकचा झाकणवाला डबा असेल तर चालेल पण मग आत सिलिका जेलच्या पुड्या भरपूर हव्यात, बुटाच्या खोक्यातली एक इवलीशी पुडी सहा महिन्यांना पुरत नाही. रंग बदलणारं जेल मिळतं, रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतं.

जाताना डिस्क आत ठेवून जाऊ नका. प्लग काढा, डिशची वायर काढा. रिमोटचे सेल काढा, हे विसरतातच लोक, सेल पाझरून रिमोटच्या स्प्रिंगा खाऊन टाकतात. जमिनीवर, पडवीत किंवा मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल देते. माळ्यावर कौलांखाली ठेवलात तर उन्हाळ्यात बेल्ट वितळतो. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, मधला खण, एवढं पुरे. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकत असाल तर सीडीच्या कडक पारदर्शक डब्या तिथे नको, ती डबी पॉलिस्टायरीनची असते आणि डांबरगोळीच्या वाफेने मऊ-चिकट होते.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी आरतीची सीडी लावायची घाई असते हे मला माहीत आहे, पण आधी घराची दारं-खिडक्या उघडा, प्लेअर बाहेर काढून एक दिवस सुक्या जागी ठेवा, मग प्रश्न ६ मध्ये सांगितल्यासारखं नुसता चालू ठेवा आणि संध्याकाळी डिस्क घाला. शेजारी कोणाकडे चावी असेल तर त्यांना सांगा, महिन्यातून एकदा येऊन लावा म्हणून. याहून चांगला उपाय नाही.

८. ट्रे बाहेरच येत नाही, किंवा येतो आणि परत आत जातो

बेल्ट. दहातल्या आठ वेळा बेल्टच असतो. ट्रेच्या पुढच्या भागाखाली बांगडीसारखा छोटा रबरी बेल्ट असतो, तो ढिला, गुळगुळीत किंवा चिकट होतो. आत मोटरचा आवाज येतो पण ट्रे हलत नाही ही खूण. तात्पुरतं हवं असेल तर बेल्ट काढून आयपीएने पुसा, पुली पण पुसा, काही महिने चालतो. उकळत्या पाण्यात टाकून बेल्ट आवळायची युक्ती लोक करतात, आठवडाभर चालते, नवीन बेल्ट चहा-भजीच्या पैशात येतो तर तोच टाका. जुना बेल्ट नमुन्याला घेऊन जा. वितळून डांबरासारखा झाला असेल तर तो काळा चिकटा पूर्ण काढल्याशिवाय नवा टाकू नका.

आत डिस्क अडकली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने ट्रे उचकटू नका. काही प्लेअरना खालून एक खाच असते, त्यातून गिअर फिरवला की ट्रे सुटतो. नसेल तर झाकण काढून गिअर बोटाने हळू फिरवायचा.

९. मधेच अडकतो, चित्राचे चौकोन चौकोन होतात. डिस्क खराब की प्लेअर?

कुठे अडकतो ते बघा, तिथेच उत्तर असतं. सीडी-डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या उलट. एकच डिस्क नेहमी एकाच जागी अडकते, बाकीच्या नीट चालतात, तर डिस्कवर चरा आहे (प्रश्न १५). सगळ्याच डिस्क शेवटी शेवटी अडकतात, तर लेन्स बाहेरच्या कडेला पोचत नाही, दांड्यावरचं ग्रीस सुकलंय, जुनं पुसून पांढरं ग्रीस अगदी तांदळाच्या दाण्याएवढं लावायचं. खोबरेल तेल लावलेले प्लेअर येतात माझ्याकडे, थंडीत ते गोठतं, नको. सगळ्याच डिस्क सुरुवातीलाच अडखळतात आणि मग बऱ्या चालतात, तर मोटर थकलीय, कारण ऑडिओ सीडी सुरुवातीला मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत २०० वर येते, सुरुवातीलाच मोटरला सगळ्यात जास्त जोर लागतो.

१०. डीव्हीडी मस्त चालते पण लग्नाची व्हीसीडी घेत नाही. असं कसं? एकच लेन्स आहे ना?

काच एक दिसते पण खाली लेझर दोन असतात. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटर, आणि सीडी-व्हीसीडीचा ७८०. एक थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो, म्हणून व्हीसीडी नाही पण डीव्हीडी चालते, किंवा उलटंही होतं. लग्नाच्या व्हीसीडी बहुतेक फोटोवाल्याने कॉपी केलेल्या असतात, त्यातला रंगाचा थर ७८० साठीच बनवलेला असतो, लाल लेझरला तो नीट दिसत नाही. छापील सीडी मात्र लाल लेझरला कधी कधी दिसते, त्यामुळे "गाण्याची सीडी चालते, लग्नाची नाही" असा घोळ होतो आणि लोक फोटोवाल्याला शिव्या देतात. आधी दोन-तीन वेगवेगळ्या कॉपी केलेल्या सीडी लावून बघा. सगळ्याच नाही घेतल्या तर लेन्स बदलायची, डिस्क टाकून देऊ नका.

११. दुकानदार म्हणतो लेझर वाढवून देतो, लगेच चालेल. करू का?

नका करू. लेन्सच्या बाजूला एक बारीक प्रीसेट (स्क्रूसारखा फिरवायचा भाग) असतो, तो फिरवला की लेझरला जास्त करंट जातो आणि थकलेली लेन्स परत वाचायला लागते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण थकलेल्या बैलाला चाबूक मारल्यासारखं आहे ते, जो लेझर अजून वर्षभर रडतखडत चालला असता तो दोन महिन्यांत पूर्ण जातो. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्लेअरला एका दुकानात न विचारता हेच केलं होतं, तेव्हा मी या धंद्यात नव्हतो, पैसे साठवून घेतलेला प्लेअर होता आणि गणपतीच्या तोंडावर बंद पडला. ते अजून सलतं. आधी साफसफाई, मग नवीन लेन्स. प्रीसेटला हात एकाच कारणासाठी लावायचा, जाणारच आहे हे माहीत असून शेवटची एखादी डिस्क कॉपी करून घ्यायची असेल तर (प्रश्न १९).

१२. आमच्याकडे लाईट फार कमी-जास्त होते, स्टॅबिलायझर घेऊ का?

मागचं लेबल बघा. बऱ्याच डीव्हीडी प्लेअरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यांना लाईट डिम झाल्याने काही होत नाही. मारक असतं ते लाईट जाऊन परत येताना जो धक्का बसतो तो, आणि झाड पडून न्यूट्रलची तार तुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं, तेव्हा जे जे प्लगला असतं ते सगळं जातं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते, तेव्हा किती गावं दिवसचे दिवस अंधारात होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय. लाईट गेली की प्लग काढायचा आणि आल्यावर दहा मिनिटं थांबून लावायचा, ही सवय स्टॅबिलायझरपेक्षा भारी आहे. मेच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा प्लगबरोबर टीव्हीला जोडलेली डिशची वायरही काढा, वीज त्या वाटेनेही प्लेअरपर्यंत येते.

प्लेअर चालू व्हायला वेळ लावत असेल, लाल दिवा लुकलुकत असेल, टिक टिक करत असेल तर सप्लायमधले कंडेन्सर बघायला सांगा. त्यांचं डोकं सपाट असायला हवं, फुगून वर आलं असेल तर गेलेत. स्वस्तातलं काम आहे, पण घरी करू नका, कारण प्रश्न ४ मध्ये सांगितलंय.

१३. आतून मेलेली पाल निघाली! आणि मुंग्या पण. काय करायचं?

स्टँडबायवर ठेवलेला प्लेअर आत कोमट असतो, पावसात पालीला तीच ऊबदार जागा वाटते, सप्लायवर दोन पाय टेकले की ती पण जाते आणि फ्यूज पण. मुंग्या अंडी घालतात आणि झुरळांची घाण बोर्डावर पडली की ती ओल धरते. मागच्या जाळीला आतून बारीक मच्छरदाणीचा तुकडा लावा, हवा पूर्ण बंद होता कामा नये. वापर नसताना स्टँडबाय नको, प्लग काढा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर प्लेअरच्या आत कधीच नाही, खालच्या टेबलाच्या पायांना ओढा. आत फवारा तर नकोच.

१४. भावाने दुबईहून प्लेअर आणला, इथल्या काही डीव्हीडीला 'राँग रीजन' म्हणतो

डीव्हीडीला जगभर रीजन पाडलेत, आपला भारत ५ मध्ये येतो आणि दुबई-कुवेतकडचा भाग २ मध्ये. डिस्कवर ज्या रीजनचा शिक्का त्याच प्लेअरवर चालणार. ज्या डिस्कवर सगळ्या रीजनची खूण असते त्या कुठेही चालतात. ऑडिओ सीडी, व्हीसीडी आणि घरगुती शूटिंगच्या डीव्हीडीला रीजन नसतो, त्यामुळे लग्नाची डीव्हीडी अडत असेल तर कारण रीजन नाही, दुसरं काही आहे (प्रश्न ३). बऱ्याच साध्या प्लेअरमध्ये रिमोटवरून सर्व्हिस मेनू उघडून रीजन काढता येतो, मॉडेलप्रमाणे आकडे वेगळे असतात. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये मात्र रीजन पाचदाच बदलता येतो, तिथे गंमत म्हणून खेळू नका.

१५. डिस्कवर बुरशी आलीय, चरे पडलेत. टूथपेस्ट लावू का?

आधी साध्या पाण्याने धुवा. बोटावर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना चरा पडला तर तो वाचायच्या रेघेतच पडतो आणि तो लांबचा तुकडा जातो, आडवा चरा प्लेअर सांभाळून घेतो. मऊ सुती कापडाने टिपा, सावलीत सुकवा. टूथपेस्टने उथळ चरा घासला जातो हे खरं, पण अगदी शेवटचा उपाय, आणि जेल नाही, साधी पांढरी.

लोक चमकणारी बाजू जपतात आणि छापलेल्या बाजूला वाट्टेल ते करतात. सीडीत उलटं आहे. चमकणारा चांदीसारखा थर वरच्या छापील बाजूला, फक्त लाखेच्या पातळ थराखाली असतो आणि खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक त्याला सांभाळतं. वर बॉलपेनने नाव लिहिलंत की खेळ खल्लास. उजेडाकडे धरून बघा, टाचणीसारखी भोकं दिसली तर तो थर गंजतोय, धुवून परत येत नाही, लगेच कॉपी करा. वर कागदी स्टिकर पण नको, एका बाजूला वजन येतं आणि ओलीत फुगतो.

१६. पुरात बुडालेला प्लेअर वाचतो का?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हे खूप जणांनी विचारलं. पहिली गोष्ट, चालू करून बघायचा नाही, "बघू तरी" म्हणून प्लग लावला तिथेच बरेच मेले. झाकण काढा, स्वच्छ गोड्या पाण्याने चिखल धुवा, हो, बोर्ड पाण्याने धुतला तरी चालतो, वीज नसली की पाणी मारत नाही, सुकलेला चिखल मारतो. मग आयपीए, मग आठ-दहा दिवस पंख्याखाली. सप्लाय आणि बोर्ड वाचायची आशा असते, लेन्सची धरू नका. आणि प्लेअरच्या आधी डिस्क वाचवा! चिखल ओला असतानाच धुवा, कागदी कव्हरं बाहेर काढून वेगळी करा, चिकटली असतील तर ओढू नका, पाण्यात भिजवा.

१७. नवीन टीव्हीला मागे प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची भोकंच नाहीत

एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, छोटी डबी असते, नाव उलटं असलेला म्हणजे एचडीएमआय टू एव्ही घेऊ नका, तो उलट्या कामाचा. काही टीव्हीला हेडफोनसारखं एक भोक 'एव्ही' लिहिलेलं असतं, त्याची खास वायर येते. चित्र मोठ्या टीव्हीवर फुटकं दिसेल, व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, प्लेअरचा दोष नाही.

१८. लेन्स अजून मिळते का? की जुना प्लेअरच दुसरा घेऊ?

नेहमीच्या लेन्स मिळतात. ऑडिओ सीडीत सोनीची केएसएस-२१३ आणि साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सान्योची एसएफ-एचडी६५ किंवा एसएफ-एचडी८५०, हे नंबर जुन्या लेन्सवरच छापलेले असतात, फोटो काढून दुकानात दाखवा. खात्री नसेल तर आख्खा डेक घ्या, लेन्स-मोटर सगळं एकदम बदलतं. नवीन लेन्सवर स्टॅटिकपासून (स्थिर विजेपासून) जपायला शिशाचा एक बारीक ठिपका जोडलेला असतो, तो बसवल्यावर काढायचा असतो. तो न काढल्यामुळे "नवीन लेन्स पण खराब निघाली" म्हणून परत केलेल्या लेन्स मी बघितल्यात.

जुना घेत असाल तर स्वतःची कॉपी केलेली व्हीसीडी आणि एक डीव्हीडी घेऊन जा, दोन्ही शेवटपर्यंत पळवून बघा, ट्रे पाचदा उघडा, मागचे स्क्रू गंजलेत का बघा. स्क्रू लाल असतील तर आतही तेच असणार. आणि तुमचा बंद पडलेला त्याच मॉडेलचा असेल तर भंगारात देऊ नका, बेल्ट, मोटर, रिमोट, सगळं कामाला येतं.

१९. प्लेअर चालतोय तोवर डिस्कमधलं काढून ठेवायचंय, कसं?

कॉम्प्युटरला बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. व्हीसीडीमध्ये एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये .डीएटी ची मोठी फाईल असते, डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस मध्ये .व्हीओबी च्या. सरळ कॉपी करा, व्हीएलसीवर (कॉम्प्युटरवरचं व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर) दोन्ही चालतात. व्हीसीडीत चुका भरून काढायची सोय कमी ठेवलेली असते त्यामुळे एक चरा आला की कॉपी मधेच थांबते, तेव्हा डिस्क धुवून (प्रश्न १५) दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा, एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. तरीही नाही झालं तर घरच्या प्लेअरवर लावा, तो अडखळत का होईना पुढे जातो, त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींना यूएसबी कॅप्चर (चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी छोटी डबी) लावून लॅपटॉपवर रेकॉर्ड होतं. लग्नाच्या व्हीसीडी दोन किंवा तीन असतात, वरात आणि जेवणावळ शेवटच्या डिस्कमध्ये असते आणि तीच लोक आणायची विसरतात, तर डबी उघडून मोजून मगच घराबाहेर पडा.